अण्णांची हवेची वही

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'प्रदूषण' हा शब्द बहुतेक वेळा दिल्लीला जोडूनच येतो. मी गुरुग्रामला नोकरी करत होते तेव्हा दर दिवाळीनंतर घरून फोन यायचा. "तिकडे फार धूर झालाय म्हणे. चार दिवस इकडे निघून ये. आपल्याकडची हवा चांगली आहे." बोलणारे माझे वडील, अण्णा. मागून माझ्या आजीचा, माईचा आवाज यायचा, "तोंडाला बांधून फिर म्हणावं तिला."

आमच्या घरच्या ज्येष्ठांच्या डोक्यात प्रदूषणाचं चित्र पक्कं होतं. टीव्हीवर दिसणारा धुरकट इंडिया गेट, दिल्लीतली वाहनांची रांग आणि खाली धावणारी लाल पट्टी. आपल्या लष्करात कुठलं आलंय असलं काही? हिवाळ्यात सकाळी गच्चीवरून किल्ला दिसेनासा होतो हे खरं, पण ते धुकं. शेजारी म्हणतात कोहरा. तो आजोबांच्या वेळीही पडायचा.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांच्या हवेची आकडेवारी प्रसिद्ध केली होती. हवेतल्या सर्वांत बारीक धुळीच्या, म्हणजे पीएम २.५च्या बाबतीत त्या यादीत पहिलं होतं इराणमधलं झाबोल आणि दुसरं आपलं ग्वाल्हेर. दिल्ली आपल्या खाली होती. ग्वाल्हेरचा वर्षाचा सरासरी आकडा होता घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या देशाची स्वतःची मर्यादा आहे ४०. बातमी सगळ्या पेपरांत आली होती, आमच्या घरीही वाचली गेली. अण्णांची प्रतिक्रिया होती, "मशीन कुठे लावलं होतं ते बघायला पाहिजे. बाड्यावर टेम्पोच्या मागे लावलं असेल तर येणारच आकडा." अण्णा ए.जी. ऑफिसमधून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला कुठलाही आकडा पाहिला की आधी त्याचं व्हाउचर हवं असतं.

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं आणि मी सामान घेऊन ग्वाल्हेरला परत आले, ती आजतागायत इथेच आहे. या चार-पाच हिवाळ्यांत एक गोष्ट जवळून पाहिली. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना हवेविषयी काहीच कळत नाही, असं मुळीच नाही. त्यांना पुष्कळ कळतं, फक्त ते वेगळ्या काळातल्या हवेविषयी असतं. त्यांच्या तोंडी तीन वाक्यं हमखास असतात. तुमच्याही घरी असतील. त्या तीन वाक्यांविषयीच लिहायचं आहे.

"सकाळची हवा शुद्ध असते"

अण्णांची फिरायला जाणारी सात जणांची टोळी होती. सगळे सत्तरीच्या आसपासचे. दोघे ए.जी. ऑफिसातले, एक शाळेतून निवृत्त झालेले, एक बँकेतले, बाकीचे व्यापारी. चार मराठी, तिघे हिंदीभाषक, त्यामुळे बोलणं अर्ध्या वाक्यात भाषा बदलायचं. पहाटे साडेपाचला निघायचं, फूलबागेकडे जायचं, तासभर चालायचं, येताना एका ठेल्यावर चहा. डिसेंबर-जानेवारीत कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, पण वेळ तीच. "साडेपाच म्हणजे साडेपाच," असं ते म्हणायचे त्यात एक अभिमान होता. थंडीला न घाबरण्याचा.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, दाट धुक्याच्या एका सकाळी, त्यांच्यातले शाळेतले काका चालता चालता बाकावर बसले. छातीत जड वाटतंय म्हणाले. हॉस्पिटलात नेलं, हृदयविकाराचा झटका होता. चौथ्या दिवशी ते गेले.

डॉक्टरांनी हवेचं नाव काढलं नाही, आणि मीही काढणार नाही. एका माणसाच्या झटक्याचा दोष एका सकाळच्या हवेवर टाकता येत नाही. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता, थंडी कडाक्याची होती. पण तेराव्याहून परत आल्यावर अण्णा माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या त्या मोबाइलवर फूलबागेच्या हवेचा आकडा दिसतो का गं?"

दिसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' नावाचं ॲप आहे. ग्वाल्हेरची मोजणी केंद्रं त्यावर आहेत आणि त्यातलं एक फूलबागेचंच आहे. "म्हणजे टेम्पोच्या मागे नाही," असं मी म्हटलं, तर अण्णा हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक लांब हिशेबाची वही काढली, पट्टीने रकाने पाडले आणि लिहायला सुरुवात केली. तारीख. सकाळी सहा. सकाळी अकरा. दुपारी तीन. रात्री आठ. शेवटचा रकाना 'दम', त्यात जिना चढून आल्यावर कसं वाटलं ते.

तिसऱ्याच दिवशी त्यांनी चूक पकडली. "हा जो मोठा आकडा दाखवतात ना, तो मागच्या चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. मला आत्ताचा हवाय." बरोबर होतं. आपल्याकडचा एक्यूआय धुळीच्या बाबतीत चोवीस तासांची सरासरी धरतो. त्या तासाची स्थिती बघायची तर केंद्राच्या पानावर पीएम २.५चा तासाचा आकडा बघावा लागतो. हे मलाही ठाऊक नव्हतं आणि रोज ॲप बघणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या कुणालाही नव्हतं. ऑडिटरलाच ते दिसलं.

महिन्याभराने वही बोलू लागली. हिवाळ्यात सकाळी सहाचा आकडा दुपारी तीनच्या आकड्यापेक्षा जवळजवळ रोज मोठा. काही दिवशी दुप्पट, क्वचित त्याहून जास्त. सर्वांत शुद्ध म्हणून ज्या वेळेची निवड केली होती, ती चोवीस तासांतली सर्वांत वाईट वेळांपैकी एक निघाली.

असं का होतं, हे समजलं की मग चुकीची वाटणारी गोष्ट चुकीची राहत नाही. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, ती वर जाते आणि धूर, धूळ घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते, आणि वर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. वारा पडलेला असतो. रात्रभरातल्या शेकोट्या, पेटवलेला कचरा, ट्रकांचा धूर, सगळं त्या झाकणाखाली साठतं. त्यात धुक्याचे थेंब मिसळले की ते आणखी खाली, आपल्या नाकाच्या उंचीवर राहतं. ऊन वर आलं, जमीन तापली, की दहा-अकराच्या सुमारास झाकण उचललं जातं. संध्याकाळी पुन्हा बसतं.

आणि अण्णांच्या पिढीचं वाक्य खोटं होतं असंही नाही. ते ज्या लष्करात लहानाचे मोठे झाले तिथे गाड्या मोजक्या होत्या, सायकली आणि टांगे होते. झाकण तेव्हाही बसत होतं, पण खाली साठायला इतकं नव्हतं. शिवाय उन्हाळ्यात आजही त्यांचं म्हणणं लागू पडतं. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे लू चालते, आंधी येते, आणि कडक उन्हात वाहनांच्या धुरापासून ओझोन वायू तयार होतो, तोही छातीला वाईट. तेव्हा पहाटच बरी. पावसाळ्यात तर हवा धुऊन निघते, कधीही जा. नियम एकच नाही, ऋतूप्रमाणे बदलतो. आहाराबाबत ऋतुचर्या पाळणाऱ्या माईला हे एका वाक्यात पटलं. "म्हणजे हवेचीही ऋतुचर्या," ती म्हणाली.

"वय झालं की दम लागणारच"

हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण ते समजूतदारपणाचं वाटतं. तक्रार न करणं हा त्या पिढीचा गुण. जिना चढताना थांबावं लागलं, रात्री खोकल्याने उठावं लागलं, तर 'आता काय, पंच्याहत्तरी आली' म्हणून विषय मिटतो. कुणाला त्रास द्यायचा नसतो.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपल्या केसाची जाडी याच्या वीस-तीस पट असते. मोठी धूळ नाकात, घशात अडते, शिंकेबरोबर, कफाबरोबर बाहेर पडते. हे बारीक कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अगदी सूक्ष्म रक्तातही उतरतात. म्हणून प्रदूषण हा फक्त दम्याचा प्रश्न नाही. रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि हृदयविकार, पक्षाघात यांचा धोका वाढतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या धोक्यांच्या यादीत वायुप्रदूषणाचा समावेश केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाहेरची आणि घरातली प्रदूषित हवा मिळून जगात दर वर्षी सुमारे ७० लाख अकाली मृत्यूंना कारणीभूत ठरते.

वयस्क माणसांना हे जास्त बाधतं त्याला कारणं आहेत. श्वासनलिकेतले बारीक केस, जे कण वर ढकलतात, ते वयाबरोबर मंद होतात. खोकल्याचा जोर कमी होतो. फुप्फुसाची लवचीकता जाते. हृदयाकडे पूर्वीची शिल्लक उरलेली नसते, त्यामुळे थोडा जास्तीचा भार आला तरी खातं रिकामं होतं (हा शब्द अण्णांचा). आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली: वय वाढलं की श्वासनलिका आवळल्याची जाणीवही बोथट होत जाते. म्हणजे 'मला काही त्रास होत नाही' असं आजोबा म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तितकं जाणवत नसतं.

म्हणून विचारण्याची पद्धत बदलावी लागते. 'दम लागतो का' याचं उत्तर नाहीच येणार. मागच्या वर्षी कुठपर्यंत चालत होता आणि आता कुठे थांबता? बोलताना वाक्य पूर्ण होतं का? झोपताना उशा किती लागतात? पायांवर सूज आहे का? घोट्याजवळ दाबलं तर खळगा राहतो का? अण्णांच्या वहीतला 'दम' हा रकाना याच कामाचा ठरला. वाईट आकड्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यात 'जिन्यात एकदा थांबलो' असं दिसायचं. त्यांनी ते स्वतः लिहिलेलं होतं, त्यामुळे नाकारायची सोय नव्हती. ती वही घेऊन ते आपणहून तपासणीला गेले. रक्तदाबाची गोळी बदलली, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेतल्या. हिवाळ्याआधी या लसींविषयी आपल्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. खराब हवेने दुखावलेल्या फुप्फुसाला संसर्ग लवकर पकडतो.

"आम्ही आयुष्यभर धूर खाल्ला, काय झालं?"

हे वाक्य माईचं. ती आता शहाऐंशी वर्षांची आहे. लग्न होऊन आली तेव्हा घरात अठरा माणसं होती आणि स्वयंपाक चुलीवर. मग कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह, आणि गॅस आला तेव्हा तिची चाळिशी उलटत आली होती. हिवाळ्यात अंगीठी आधी अंगणात पेटवायची, धूर जाऊन निखारे लाल झाले की मगच खोलीत आणायची, दाराची फट ठेवायची, झोपण्याआधी बाहेर काढायची. हे नियम तिला कुणी शिकवले नव्हते, धूर बायकांना शिकवतोच.

तिचा खोकला जुना. इतका जुना की घरात तो घड्याळाच्या टोल्यांसारखा कुणाला ऐकूच येत नसे. तिने स्वतः त्याला आजार कधी मानलं नाही. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला एक प्रश्न विचारला, जो आजवर कुणी विचारला नव्हता. "आजी, चूल किती वर्षं केली?"

माईने बोटं मोजली. "चूल आणि शेगडी धरून वीस-बावीस वर्षं."

बरी झाल्यावर नळीत जोराने फुंकायची तपासणी झाली, स्पायरोमेट्री. निदान निघालं सीओपीडी, श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. हा सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार अशी आपली समजूत असते. भारतात कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या असंख्य बायकांना तो होतो, आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठं कारण आहे. बंद स्वयंपाकघरात लाकूड-गोवऱ्यांवर तासन् तास बसणं फुप्फुसाच्या दृष्टीने धूम्रपानासारखंच.

घरी आल्यावर माई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण तो धूर तर अन्नाचा होता."

याला काय उत्तर द्यायचं? अठरा माणसांचं जेवण ज्या धुरातून निघालं त्याला विष म्हणणं तिला कसं पटावं! मी काही बोलले नाही. अण्णा म्हणाले, "हो माई, अन्नाचाच होता. आणि त्याचं बिल तुझ्या एकटीच्या नावावर फाटलं." ती हसली, आणि हसता हसता खोकली. दुसऱ्या दिवसापासून तिने पंप घ्यायला सुरुवात केली. त्याआधी पंप म्हणजे शेवटची पायरी, पंपाची सवय लागते, अशी तिची ठाम समजूत होती. पुष्कळ ज्येष्ठांची असते. पंपाने औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. हात थरथरत असेल तर त्याला लावायची प्लास्टिकची नळकांडी, स्पेसर, मिळते. माई तिला 'माझी तुतारी' म्हणते.

धुराची सवय झाली म्हणून तो बाधत नाही, हा समज फक्त आपला नाही. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं होतं. लंडनकरांना धुक्याची पिढ्यान् पिढ्यांची सवय होती, त्यामुळे त्या दिवसांत फारशी घबराट झाली नाही. नंतर आकडे जुळवले तेव्हा कळलं की त्या सुमारास नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसं जास्त मेली होती. पुढच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० च्या घरात गेला. त्यांत भरणा होता म्हाताऱ्या माणसांचा, छातीच्या आणि हृदयाच्या रोग्यांचा. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. हा इतिहास अण्णांनी टोळीत सांगितला तेव्हा बँकेतले काका म्हणाले, "यानी कोहरे में सब छुप जाता है."

घरात काय बदललं

आता व्यवहाराचं. आमच्याकडे जे टिकलं तेवढंच सांगते.

फिरण्याची वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टोळी आता सकाळी साडेदहाला निघते. हे ठरायला दोन महिने लागले. 'धूप में लोग क्या कहेंगे' पासून 'दहाला नातवाला बसस्टॉपवर सोडायचं असतं' पर्यंत सगळ्या अडचणी निघाल्या. खरी अडचण वेगळीच होती. पहाटेचा तो तास त्यांचा स्वतःचा होता, घर उठायच्या आधीचा. म्हणून 'फिरायला जाऊ नका' हे कधीच सांगू नये. चालणं बंद झालं तर गुडघे, साखर, रक्तदाब आणि मन, सगळंच बिघडतं. वेळ बदला, रस्ता बदला, फार वाईट दिवशी घरातल्या घरात चाला, पण टोळी मोडू देऊ नका. सातातले एक जण अजूनही पहाटेच जातात, एकटे. ते म्हणतात, आता बदलायचं वय नाही. अण्णा त्यांना रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा अंदाज फोनवर सांगतात.

आकडा कसा वाचायचा. एक्यूआय ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, ४०० पर्यंत अति खराब, त्यावर गंभीर. अण्णांच्या वहीचा नियम असा: २०० च्या वर गेला की जोरात चालायचं नाही, ३०० च्या वर गेला की गच्चीसुद्धा नाही.

मास्क. मफलर, गमछा, साधा कापडी मास्क थंडी अडवतो, मोठी धूळ अडवतो, पीएम २.५ जवळजवळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो. ज्यांना आधीच दम लागतो त्यांना तो लावून गुदमरल्यासारखं होतं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावा. माईला तो चालत नाही. तिच्यासाठी उत्तर बाहेर न पडणं हेच.

घरातला धूर. हा विषय नाजूक. मच्छर अगरबत्तीच्या एका वेटोळ्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असू शकतात, असं एका अभ्यासात दिसलं आहे. ती आमच्याकडे एका दिवसात बंद झाली, मच्छरदाण्या निघाल्या. उदबत्ती आणि धूप मात्र देवाचा, तिथे सांगणारे आपण कोण! माईनेच मार्ग काढला. एकच उदबत्ती, खिडकी उघडून, आणि ती लावली की ती स्वतः खोलीबाहेर बसते. "देवाला धूप पोचला म्हणजे झालं, मला कशाला हवा?" धुनी, शेकोटी, कोळशाची अंगीठी पूर्ण बंद. फोडणीच्या वेळी पंखा आधी लावायचा, नंतर नाही. कोरड्या केरसुणीने धूळ उडवण्यापेक्षा ओलं पोतं फिरवायचं. खिडक्या सकाळी सातला न उघडता दुपारी उघडायच्या. जुन्या सवयीविरुद्ध सर्वांत जड हेच गेलं, कारण 'सूर्य उगवला की दारं-खिडक्या उघडावीत' हे माईच्या माहेरचं शिस्तीचं वाक्य.

आणि गल्ली. आमच्याकडे पानगळीच्या दिवसांत वाळक्या पानांचे ढीग पेटवले जातात, रिकाम्या प्लॉटवर कचराही. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला बंदी करून ५,००० रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. हे टोळीला समजलं आणि सहा निवृत्त माणसांना काम मिळालं. दंडाची धमकी त्यांनी एकदाही दिली नाही. ते जातात, काडी लावणाऱ्या पोराला 'बेटा' म्हणतात, त्याच्या आजीची चौकशी करतात, आणि ढीग एका कोपऱ्यात खड्डा करून खतासाठी टाकायला सांगतात. मागच्या वर्षी गल्लीत पानं जवळजवळ जळली नाहीत. तरुणांनी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. पांढऱ्या केसांचं ऐकलं गेलं.

घरातल्या या गोष्टींनी ग्वाल्हेरची हवा सुधारणार नाही, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. गाड्या, रस्त्याची धूळ, दगडाचे क्रशर, बांधकामं, हे आपल्या खिडकीने थांबत नाही. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यात मध्य प्रदेशातल्या शहरांमध्ये ग्वाल्हेर आहे, इंदूर, उज्जैन, देवासही आहेत. त्याचा पैसा येतो, पाणी मारणाऱ्या गाड्या फिरताना दिसतात. काम किती होतं हे विचारायला वेळ असलेली, अर्ज लिहिता येणारी आणि फाइल कुठे अडते हे ठाऊक असलेली माणसं आपल्या घरातच पेन्शन घेत बसलेली आहेत.

तरुण वाचकांना

आपल्या पिढीला सवय आहे लिंक पाठवायची. घरच्या ग्रुपवर रोज शंभर सूचना येतात, हळदीच्या दुधापासून ते खोट्या इशाऱ्यांपर्यंत, त्यात हवेची खरी बातमीही वाहून जाते. ज्येष्ठांना माहिती कमी पडत नाही, ती त्यांच्या स्वतःच्या दिवसाला जोडलेली नसते. अण्णांना जगाचा आकडा पटला नाही, फूलबागेचा पटला. माईला 'प्रदूषण' हा शब्द आपला वाटला नाही, 'चूल किती वर्षं' हा प्रश्न आपला वाटला.

तुमच्या घरी कुणी निवृत्त शिक्षक असतील, कुणी कारकून, कुणी बागकाम करणारी मावशी, कुणी भजनी मंडळातल्या काकू. प्रत्येकाची मोजण्याची आपली रीत असते. भजन म्हणणारीला विचारा, एका श्वासात ओळ पूर्वी कुठपर्यंत जायची आणि आता कुठे तुटते. बाग करणारीला विचारा, तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर काय लागतं. त्यांना उत्तर येतं. ते उत्तर ऐकून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना तेच सोबत न्या.

आमच्याकडे वहीचं तिसरं वर्ष चालू आहे. यंदा अण्णांनी एक रकाना वाढवला आहे, माईचा. तिच्या बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा त्यात ते रोज दोनदा लिहितात. माई बोट पुढे करते आणि विचारते, "पास का?" अण्णा चष्म्यातून आकडा बघतात, वहीत टिपतात आणि ए.जी. ऑफिसच्या जुन्या सवयीने पुढे हिरव्या शाईत बरोबरची खूण करतात.